एका बादलीचा प्रवास
प्राध्यापकांच्या प्रवासकथा म्हणजे निव्वळ थापा, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. इंदुरात आम्हाला भूगोल शिकवणारे सर अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत की, गाव न सोडताही त्यांचा दोन्ही समुद्रांशी रोजचा व्यवहार आहे. अरबी समुद्राकडे निघालेले नर्मदेचे पाणी १९७८ पासून नदीकाठच्या जलूद गावाहून पंपांनी विंध्य चढवून शहरात आणले जाते आणि वापरून झाल्यावर मात्र खान, क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा अशा नद्यांतून बंगालच्या उपसागराची वाट धरते. ‘म्हणजे आंघोळीच्या एका बादलीत मी देशाचा जलविभाजक, म्हणजे दोन समुद्रांकडे जाणारे पाणी वेगळे करणारी रेषा, ओलांडतो,’ असे म्हणून ते प्रवासभत्ता मागण्याची धमकी देत. (अर्जाचा मसुदा आम्हीच लिहिला होता.) यात थाप फक्त भत्त्याची होती.