शुगर क्लिनिकच्या जुन्या फायली कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, सुरुवात कुठून करू?

फाईलवाली:
मी डायबेटीसच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. फायलींनी कपाटं भरलीत, मॅडम म्हणतात आता सगळं कॉम्प्युटरवर घ्या. सॉफ्टवेअरवाला म्हणतो स्कॅन करून टाका, झालं. पण परवा एका काकांचं मागच्या वर्षीचं एचबीएवनसी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) शोधताना मला घाम फुटला, आणि तो कागद स्कॅन केलेला असता तरी एकेक पान बघावंच लागलं असतं ना?

कीबोर्डकाका:
बरोबर, स्कॅन म्हणजे कपाटच कॉम्प्युटरमध्ये ठेवल्यासारखं. एकदम सगळ्या फायली काढूच नका, जो पेशंट येईल त्याची फाईल त्या दिवशी भरायची. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं म्हणून नियमित येणारे तीनचार महिन्यांत एकदा येतातच, ते आपोआप होतील. मागचे दोनतीन एचबीएवनसी, किडनीसाठीचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्याचा पडदा आणि पाय शेवटचे कधी तपासले ती तारीख, चालू औषधं, बास. आकडा आकड्याच्याच रकान्यात हं! आम्ही पहिलं वर्षभर रिमार्कमध्ये "शुगर बरी आहे" असलं टाईप करत बसलो, मग डॉक्टर म्हणाले एचबीएवनसी ९ च्या वर असलेले सगळे पेशंट काढा, बोंबला.

सिस्टरताई:
इन्सुलिनचं नीट बघा. डोसपुढे इंग्रजी यू लिहायची सवय असते, घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात, त्यामुळे जुन्या फायलीतून उतरवताना शंका आली की पेशंटलाच विचारा किती घेता. "युनिट" पूर्ण लिहायचं. बाटली एका मिलीला ४० युनिटची की १०० ची तेही लिहा, सिरिंज त्यावर ठरते. आणि साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची ते नसेल तर नुसत्या १८० ला काय अर्थ आहे?

बॅकअपबाबा:
मोबाईल नंबरला पेशंट नंबर करू नका!! घरात एकच नंबर, नवरा बायको दोघांना शुगर, रिपोर्ट एकमेकांच्या नावावर चढतात. प्रत्येकाला वेगळा नंबर द्या. बॅकअप रोज घ्या आणि तो परत उघडतो का ते एकदा करून बघा, आमचा उघडलाच नव्हता.

फाईलवाली:
थँक्यू सगळ्यांना, मॅडमना वाचून दाखवलं, स्कॅनिंग कॅन्सल. आज पाचच फायली झाल्या आणि त्यातल्या दोन एकाच आजींच्या निघाल्या, एक माहेरच्या नावाची 😅