विषारी गाळ समुद्रतळाशीच वाळूखाली पुरावा का?

दर्यावर्दी:
बंदराचा जलमार्ग खोल करताना पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांत वापरलेली, सहज न विघटणारी विषारी रसायनं), पारा, तेलं मुरलेला गाळ वर येतो. तो तळाशीच एखाद्या खड्ड्यात सोडून वर स्वच्छ वाळूचा थर द्यायचा, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मान्य आहे. मला मुळीच पटत नाही. घाण पुन्हा पाण्यातच टाकायची, तर काढली कशाला? वादळात किंवा मोठ्या जहाजाच्या पंख्याने वाळू हलणारच. रॉटरडॅमने 1987 साली अशा गाळासाठी किनाऱ्यालगत स्लुफ्टर हा बांध घातलेला बंदिस्त साठा बांधला. तसं करा.

चिकणमाती:
काढली कशाला? जहाजं जायला हवीत म्हणून! आणि किनाऱ्यावर आणलं की सुटलो, असंही नाही. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, म्हणून शिसं, कॅडमियम, जस्त सल्फाइडमध्ये, म्हणजे गंधकाच्या संयुगांत, अडकून राहतात. तोच गाळ उघड्यावर वाळला की सल्फाइडपासून आम्ल होतं, धातू सुटे होतात आणि पावसाबरोबर वाहू लागतात. पाण्याखाली ही भानगड नाही. शिवाय तळातले बहुतेक जीव वरचे दहाएक सेंटीमीटरच उकरतात. मीटरभर वाळू असली तर विष त्यांच्या पोटात, तिथून माशांत जाणार कसं? न्यूयॉर्कजवळची गाळ टाकायची जुनी जागा 1997 मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यावर निदान 1 मीटर स्वच्छ गाळ-वाळू पसरायचं ठरलं.

दर्यावर्दी:
‘बहुतेक’ म्हणालात, बरं केलंत. बिळं करणाऱ्या काही कोळंब्या मीटरभर खाली जातात. तळातून भूजल वर येत असेल तर ते विरघळलेलं विष घेऊनच वाळूतून झिरपतं. स्वच्छ वाळूत सेंद्रिय कार्बन जवळजवळ नसतो, मग पीसीबी धरून कोण ठेवणार?

मोजपट्टी:
मी पद्धतीच्या बाजूने, पण घाईच्या विरोधात. बॉस्टन बंदरात जलमार्गाखालीच खड्डे खणून त्यात गाळ भरला. सुरुवातीला गाळ नीट बसायच्या आतच वाळू टाकली, तर ती पेजेसारख्या गाळात मिसळली आणि थर एकसारखा झालाच नाही. पुढच्या खड्ड्यांना जास्त काळ बसू दिलं, तिथे काम चांगलं झालं. वाळूसुद्धा बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू होडीतून) एकदम ओतायची नसते; पातळ थरांत, हळूहळू सोडायची. कंत्राटदाराला हे आवडत नाही, कारण ड्रेजर (गाळ उपसणारं यंत्र-जहाज) उभा राहिला की भाडं चढतं.

चिकणमाती:
कार्बनचा मुद्दा मान्य. म्हणूनच हल्ली काही ठिकाणी थरात सक्रिय कोळसा मिसळतात, पीसीबी त्याला चिकटतात. भूजल वर येतं तिथे मात्र साधा वाळूचा थर मीही सुचवणार नाही.

दर्यावर्दी:
मग परवान्यातच लिहा: प्रत्येक मोठ्या वादळानंतर थराची जाडी मोजायची, नळी घालून नमुने काढायचे, आणि पुढच्या कित्येक दशकांचे हे पैसे पहिला बार्ज सुटायच्या आधी बाजूला ठेवायचे. तोवर माझं मत स्लुफ्टरलाच.