मदत हवी आहे: आईच्या गुडघेदुखीच्या कॅप्सूल तपासून कुठे मिळतील? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. दिवाळीच्या सुमारास मावशीने एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' कॅप्सूलचा डबा आणून दिला. चौथ्या दिवशी आई पंचवटीतल्या घरून रामकुंडापर्यंत चालत जाऊन आली! मग मीच आणखी दोन डबे मागवले. ते आता मनाला लागून राहिलंय.

तीन महिन्यांत चेहरा सुजून गोल झाला, जरा कुठे लागलं की काळंनिळं व्हायला लागलं, आणि उपाशीपोटी ११०च्या आसपास असणारी साखर २१० निघाली. डॉक्टरांना स्टिरॉइडची भेसळ असल्याची दाट शंका आहे. डबा फेकायला निघाले होते, त्यांनीच थांबवलं. रोज बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, मग एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. आता त्यांनी मोजून दिलेल्या गोळ्या हळूहळू कमी करतोय. कोणाच्या घरी असा डबा असेल तर कृपया आधी डॉक्टरांना विचारा.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांच्या परवान्याचा, १४ अंकी क्रमांक आहे, म्हणजे कागदोपत्री हे अन्न. पण पुढे ठळक अक्षरात 'संधिवात मुळापासून बरा'. अन्न म्हणून विकताना असा दावा चालतो का? आणि औषध म्हणावं तर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक कुठेच नाही. तक्रार दिल्लीला करू की इथे? एक डबा सीलबंद आहे, एकात १४ कॅप्सूल उरल्यात. पावती नाही, यूपीआयची नोंद आहे.

प्रतिसाद:
ताई, रोग बरा करण्याचा दावा अन्नाला करताच येत नाही, तो मुद्दा अर्जात पहिला लिहा. एफएसएसएआय आणि औषधांसाठीची सीडीएससीओ या केंद्राच्या संस्था, पण आपल्याकडे प्रत्यक्ष कारवाई राज्याचं अन्न व औषध प्रशासन करतं आणि अन्न-औषध दोन्ही तिथेच येतं. म्हणून अन्न सुरक्षा अधिकारी आणि औषध निरीक्षक, दोघांच्या नावे अर्ज द्या. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून तपासणी करून घेऊ शकतो, अन्न नियमबाह्य ठरलं तर फी परत मिळते. मात्र तपासणी करणार हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं, तिथे तुमची अडचण आहे. अधिकाऱ्यांनी विक्रेत्याकडून नमुना घेतलेला बरा. सील फोडू नका. डॉक्टरांना सांगून दुष्परिणामाची नोंदही करा, १८००-१८०-३०२४ वर होते.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. बॅच क्रमांकाचे फोटो काढून ठेवलेत. तो स्टॉल आता कुठे लागतो ते मावशी शोधतेय, तिलाही फार अपराधी वाटतंय. सोमवारी अर्ज देणार आहे. नाशिकमध्ये कोणी असा अर्ज दिला असेल तर सोबत काय काय जोडलं होतं ते सांगाल का? डॉक्टरांची चिठ्ठी आणि साखरेचे जुने-नवे रिपोर्ट पुरतील?