मदत हवी आहे: रेघा वाकड्या येऊनच नाही राहिल्या

झेरॉक्सवाला_दारव्हा
नमस्कार. पुतणी नववीत आहे, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन परवावर आलं. काळ्या-पांढऱ्या टाइलांच्या भिंतीचं चित्र असते ना, ज्यात सरळ रेघा तिरप्या दिसतात, ते कॉम्प्युटरवर पायथन भाषेत कोड लिहून काढलं. व्हिडिओत सांगितलं तसंच केलं, एकाआड एक ओळ अर्धी सरकवली, तरी काही होऊन नाही राहिलं. तीनदा सगळं पुसून लिहिलं. लवकर सांगा, चारला लाइन जाते.

शाईवाला
प्रिंटर कोणता आहे? रेघा वाकड्या येत असतील तर हेड अलाइनमेंट करून घ्या. बाहेरची शाई भरल्यावर माझ्याकडे हेच झालं होतं.

झेरॉक्सवाला_दारव्हा
भाऊ, वाकड्या येत नाहीत हाच तर प्रॉब्लेम आहे! प्रिंट अजून काढलीच नाही.

टर्टलताई
कॅफे वॉल म्हणतात तो दृष्टिभ्रम काढताय का? पायथनमध्ये टर्टल, म्हणजे पेन फिरवून चित्र काढणारं साधन, की दुसरं काही? टाइलची बाजू किती, नेमकी किती सरकवली, ओळींमधली रेघ कोणत्या रंगाची? यातलं एकही लिहिलेलं नाही. निदान काळ्या टाइलच्या बरोबर खाली काय येतं ते तरी सांगा.

झेरॉक्सवाला_दारव्हा
टर्टलच, दुसरं काय असते? बाजू 60. काळ्याखाली पांढरी, पांढऱ्याखाली काळी. बरोबर आहे ना?

टर्टलताई
तिथंच गाडी फसली. तुम्ही काळी-पांढरी जोडी 120 ची धरली आणि तिचं अर्धं, म्हणजे 60 सरकवलं. हा बुद्धिबळाचा पट झाला, त्यात रेघा सरळच दिसणार. अर्धी *टाइल* सरकवायची, 30. काळीच्या खाली अर्धी काळी, अर्धी पांढरी आली पाहिजे. आणि 0, 30, 0, 30 असंच ठेवा. 0, 30, 60, 90 करत गेलात तर सगळ्या रेघा एकाच बाजूला कलतील.

निवृत्त_मास्तर
कोडच्या मागे लागण्यापेक्षा कारण समजून घ्या. हा सगळा सवयीचा खेळ आहे. काटकोनातल्या खोल्यांमध्ये वाढलेली माणसं फसतात. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकांनी 1898 च्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर मोजून पाहिलं, तिथले लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले. आमच्याकडे कुडाच्या घरात वाढलेला माणूस फसणारच नाही. पुतणीला हाच मुद्दा मांडायला सांगा.

रातपाळी_वर्धा
सर, तिला असलं काही सांगू नका, परीक्षक उलटे प्रश्न विचारतील. ते निरीक्षण म्युलर-लायरच्या 1889 च्या चित्राचं, बाणाची टोकं आत-बाहेर वळवून एकाच मापाच्या दोन रेघा लहानमोठ्या दाखवतात ते. आणि रिव्हर्सनेच आडव्या-उभ्या रेघेचं दुसरं चित्र दाखवलं तेव्हा तेच बेटावरचे लोक जास्त फसले होते! ते सवयीत कसं बसवणार?

ही भिंत तर खरोखरची आहे. ब्रिस्टलला सेंट मायकल्स हिलच्या पायथ्याशी एका कॅफेला अशा टाइल होत्या, त्या मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरीच्या प्रयोगशाळेतल्या एकाच्या नजरेत भरल्या. 1979 मध्ये ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की टाइलांच्या दोन ओळींमधल्या बारीक फटीच्या दोन्ही काठांवर उजेडाचा फरक असला की मेंदू ते काठ एकमेकांकडे ओढून घेतो. काळ्यासमोर पांढरी आली तिथे फट दबल्यासारखी होते, काळ्यासमोर काळी आली तिथे नाही. मग प्रत्येक टाइल इवलीशी पाचर होते आणि तशा पाचरी ओळीने लागल्या की अख्खी रेघ कलते. डोळे किलकिले करून पाहा, फटीचे तिरपे तुकडे पडतात, पीळ दिलेल्या सुतळीसारखे.

धुरकरी
आमच्या वावरातले पऱ्हाटीचे तास पाय ना भाऊ. एकदम सरळ हायेत, पन धुऱ्यावरून पाह्यलं त दूर जाऊन एकमेकाले चिकटते. हे बी तेच का? आन् दारव्ह्याले सोयाबीन काय भाव चालू हाय?

रातपाळी_वर्धा
ते वेगळं, दादा. लांबची वस्तू डोळ्यात लहानच उमटते, फोटो काढला तरी तास चिकटलेलेच येतील. इथे कागदावर पट्टी लावली तर रेघ सरळ भरते.

झेरॉक्सवाला_दारव्हा
सोयाबीनचा भाव नंतर! 30 केलं. जरासं कलल्यासारखं वाटते, पण व्हिडिओसारखं नाही.

टर्टलताई
रेघेचा रंग मी कधीचा विचारलाय.

झेरॉक्सवाला_दारव्हा
रेघ मारलीच नाही. आपोआप काळी आली, म्हटलं ठीक आहे.

टर्टलताई
ठीक नाही! टर्टलची पेन मुळात काळी असते. तुम्ही फक्त भरायचा रंग बदलला, म्हणून पांढऱ्या टाइललाही काळी कड आली. टाइल भरताना पेन उचलून घ्या, रंग तरी भरतो. सगळ्या टाइल झाल्या की ओळींच्या मध्ये राखाडी रेघा मारा, जाडी 3. आधी माराल तर टाइलखाली झाकल्या जातील. राखाडी अगदी मधला घ्या, काळ्याकडे किंवा पांढऱ्याकडे झुकलेला नको.

झेरॉक्सवाला_दारव्हा
झालं!!! रेघा अशा कलल्या की मलेच गरगरलं. पुतणीनं स्क्रीनवर सुतळी ताणून धरली, सुतळी सरळ, अन् सुतळी काढली की रेघ पुन्हा तिरपी. आबाजींना बोलावलं, ते म्हणतात गवंड्यानं ओळंबा लावलाच नाही. मास्तर, आबाजींचा जन्म कुडाच्याच घरातला आहे बरं का.

लाइन गेली, मोबाइलवरून लिहून राहिलो. प्रिंट उद्या. ताई, लय आभार.

निवृत्त_मास्तर
एका आबाजींवरून काही सिद्ध होत नसतं. त्यांचा चष्मा किती नंबरचा आहे?

शाईवाला
मग झाल्या का रेघा सरळ? शेवटी हेड अलाइनमेंटच निघालं ना?