संत बेनेडिक्टचं थडगं रिकामं? नाही!

फिरस्ता:
परवा पोथीवाला यांनी लिहिलं की इटलीतल्या मॉन्टे कसिनो डोंगरावरच्या मठातलं संत बेनेडिक्टचं थडगं रिकामं आहे, अस्थी सातव्या शतकातच फ्रान्समधल्या फ्लरीच्या मठात गेल्या, भाविक उगाच गुडघे टेकतात. वाचून राहवलं नाही. त्या थडग्यासमोर मी उभा राहिलोय. ज्या डोंगरावर त्यांनी मठातल्या साधूंसाठी 73 प्रकरणांची नियमावली लिहिली आणि 547 च्या सुमारास देह ठेवला, तिथे काहीच उरलं नाही म्हणता?

पोथीवाला:
मी नाही, पॉल द डीकन म्हणतो. तो कसिनोचाच साधू. लोम्बार्ड टोळ्यांनी मठ लुटल्यावर जागा ओस पडली आणि फ्रँक लोक अस्थी घेऊन गेले, असं त्यानेच आठव्या शतकात लिहिलंय. 11 जुलैचा सणही मुळात फ्लरीचा, अस्थी तिथे आणल्याचा.

फिरस्ता:
पुढचं वाक्य का गाळलंत? मुख, डोळे आणि झिजून गेलेलं बाकीचं शरीर इथेच राहिलं, हेही तोच लिहितो. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात अख्खा मठ कोसळला, थडगं वाचलं.

सातारकर:
थडगं वाचलं, माणसांचं काय? 15 फेब्रुवारीला मठात जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेले गावकरी मेले. माझे पणजोबा मराठा पलटणीतून इटलीत होते. मे महिन्यात डोंगराखालच्या गारी नदीपाशी वर तो पडका मठ दिसायचा, एवढंच सांगून गप्प व्हायचे.

पोथीवाला:
बॉम्ब टाका म्हणून हट्ट धरला तो चौथ्या हिंदी डिव्हिजनचा सेनापती टकर यानेच. आपलीच पोरं तो डोंगर चढणार होती.

सातारकर:
मग वाचली का पोरं? जर्मन छत्रीधारी त्याच ढिगाऱ्यात ठाण मांडून बसले. राजपुताना रायफल्सवाले, गुरखे उतारावर कापले गेले. टकरची बाजू मला सांगू नका!

वसईकर:
अहो, धागा बेनेडिक्टचा आहे. आमच्या आजीने दारावर त्यांचं पदक ठोकलं होतं. त्यावर क्रूसाच्या खुणेने फुटलेला विषाचा पेला आणि विषारी पाव उचलून नेणारा कावळा. पोप ग्रेगरीने लिहिलेल्या या गोष्टी तिने आम्हाला झोपताना सांगितल्या. हाडं कुठे आहेत, हे तिने कधी विचारलं नाही.

पोथीवाला:
आजीच्या श्रद्धेने इतिहास ठरत नाही. पण ‘रिकामं’ आणि ‘उगाच’ हे शब्द मागे घेतो. फ्लरीचा दावा मात्र सोडणार नाही.

फिरस्ता:
नका सोडू. 11 जुलैचं मला ठाऊक नव्हतं, तेवढं मान्य. कसिनोत मात्र 21 मार्च पाळतात, त्यांनी देह ठेवल्याचा दिवस.