शब्दचर्चा : चिलेचे १९७३ साल – ‘निधन’ नेमके कुणाचे?

प्रश्न : चिलेतील १९७३ च्या घडामोडींची नोंद मराठीत करायची आहे. ११ सप्टेंबरला बंड म्हणावे, उठाव की सत्तापालट? आणि राष्ट्राध्यक्ष आयेंदे, गायक विक्तोर हारा, कवी नेरुदा या तिघांनाही ‘निधन’ चालेल का?

उत्तर : ‘उठाव’ खालून वर होतो, १८५७ चा म्हणतो तसा. ‘सत्तापालट’ निवडणुकीनेही होतो. चिलेत त्या वर्षी दोन वेगळ्या घटना आहेत, त्या एका शब्दात कोंबू नयेत. २९ जूनला एक चिलखती रेजिमेंट रणगाडे घेऊन रस्त्यावर आली. सरसेनापती प्रात्स यांनी ती काही तासांत आवरली. हे बंड, आणि फसलेले. ११ सप्टेंबरला मात्र तिन्ही सेनादले नि पोलीस सामील होते. तिथे ‘लष्कराने सत्ता बळकावली’ असे क्रियापदाने लिहा, म्हणजे कर्ता लपत नाही.

त्या दिवशी विमानांनी बॉम्ब टाकले ते ‘ला मोनेदा’ या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर. मोनेदा म्हणजे नाणे. इमारत मुळात टांकसाळीसाठी बांधलेली. नाव भाषांतरित करू नये, पण कंसात ‘जुनी टांकसाळ’ जरूर द्यावे.

दुसरे उत्तर : ‘निधन’ तिघांनाही नको. आयेंदे यांनी ला मोनेदातच आत्महत्या केली. २०११ मध्ये अवशेष उकरून केलेल्या तपासणीतही तेच निघाले. ‘मारले गेले’ ही चूक फार दिसते. हारा यांची हत्या झाली, अंगावर चाळीसहून अधिक गोळ्यांच्या जखमा होत्या. जागा ‘एस्तादिओ चिले’ हे स्टेडियम. ‘नॅशनल स्टेडियम’ लिहिले की दोन वेगळ्या छळछावण्यांची गल्लत होते. नेरुदा २३ सप्टेंबरला सांतियागोच्या रुग्णालयात मरण पावले. मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोग आहे, विषप्रयोगाचा संशय न्यायालयापर्यंत गेलेला आहे. म्हणून तिथे साधा ‘मृत्यू’. ‘निधन’ लिहिले की शंका पुसली जाते, ‘हत्या’ लिहिले की निकाल दिल्यासारखे होते.

शंका : आणि लष्करी राजवटीतले ‘बेपत्ता झालेले’?

उत्तर : इथे ‘झालेले’ हाच घोटाळा आहे. जत्रेत चुकलेले मूल बेपत्ता होते. या माणसांना पकडून नेले आणि मग नेल्याचेच नाकारले. स्पॅनिशमध्ये ‘देतेनिदोस देसापारेसिदोस’ असा जोडशब्द आहे, अटक त्यातच आली. मराठीत ‘अटकेनंतर बेपत्ता केलेले’ म्हणावे. चिलेच्या सरकारी यादीत १९७३ ते १९९० या काळातले असे १,०९२ जण आहेत. शिवाय ३७७ जण ‘ठार केलेले, पण मृतदेह न सोपवलेले’. हा गट वेगळा ठेवतात, कारण त्यांचा मृत्यू मान्य झालेला असतो, देह मिळालेला नसतो. या दोघांना ‘मृत’ या एका रकान्यात घालू नका.

पुरवणी : उच्चारही सांभाळा. स्पॅनिश ‘जे’ म्हणजे ह, म्हणून जारा नव्हे, हारा. दोन ‘एल’ म्हणजे य, म्हणून अ‍ॅलेंडे नव्हे, आयेंदे. जुन्या मराठी वृत्तपत्रांत शोधताना मात्र ‘अ‍ॅलेंडे’ही टाकून पाहा.