डभोई-वाघोडिया पट्टा: उपग्रहचित्रातलं पाणी आणि हिवतापाचे रुग्ण जुळत नाहीत

कालवाकाठ, बडोदा
ऑक्टोबरच्या हिवताप रुग्णांची गाववार यादी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. ऑक्टोबरचंच सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र घेऊन एमएनडीडब्ल्यूआयने (पाणी ओळखणारा निर्देशांक) पाणी वेगळं केलं. पाणी आहे तिथे रुग्ण नाहीत. शिवाय गावांभोवती २ किलोमीटरचा बफर (ठरावीक अंतराचा पट्टा) टाकला तर अख्खा जिल्हा झाकला जातो. कुठे चुकतंय?

नकाशाघर
बफरचं सोपं आहे. तुमचा नकाशाचा थर अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये आहे, म्हणून २ म्हणजे २ अंश, दोनशे किलोमीटरच्या वर. आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत बदला, मग २००० लिहा. आणि बफर गावाच्या मध्यबिंदूभोवती नको, फळियाभोवती (वस्तीभोवती) घ्या. इथली फळियं गावठाणापासून लांब शेतात असतात.

अळी-मोजणी
खरी चूक तारखेची आहे. अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस, डासाच्या अंगात परजीवी तयार व्हायला साधारण १०-१२, चावल्यावर ताप यायला आणखी १०-१४. म्हणजे ऑक्टोबरच्या रुग्णांना सप्टेंबरचं पाणी लावायला हवं. तेव्हा ढग असतात, म्हणून सेंटिनेल-१ चं रडार-चित्र घ्या, त्यातलं व्हीव्ही ध्रुवण (उभ्या लहरी सोडून उभ्याच टिपलेलं). पाणी काळं दिसतं. वाऱ्याने लाटा उठल्या की तेच उजळतं, त्यामुळे एका तारखेवर विसंबू नका.
हिवतापाचे फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हे दोन प्रकार वेगळे करा. व्हायव्हॅक्स यकृतात महिनोन् महिने दबून राहतो आणि पुन्हा उलटतो. तो रुग्ण यंदाच्या डबक्याचा असेलच असं नाही. जुळवणी फाल्सिपेरमवरच करा.

पाझर
तुम्हाला दिसतंय ते मोठं पाणी. नर्मदेच्या मुख्य कालव्यासारख्या खोल, वाहत्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत. गावाकडे हिवताप पसरवणारा क्युलिसिफेसीस डास वाढतो तो कालव्याकडेच्या पाझराच्या डबक्यांत, ओढ्यातल्या साचलेल्या पाण्यात. एमएनडीडब्ल्यूआय ज्या दोन पट्ट्यांवरून काढतात त्यांपैकी बी३ चा चौकोन (पिक्सेल) १० मीटरचा, बी११ चा २०; तीन मीटरचं डबकं त्यात हरवतं. म्हणून पाण्याऐवजी खूण शोधा: आजूबाजूचं गवत वाळल्यावरही कालव्यालगत हिरवी राहिलेली पट्टी. एनडीव्हीआयवर (हिरवळ मोजणारा निर्देशांक) ती स्पष्ट उठते. जलपर्णीखालचं तळंही पाणी म्हणून न दिसता हिरवळ म्हणूनच दिसतं.
मग त्या पट्टीवर डिपर (अळ्या तपासायला पाणी काढायचा लांब दांड्याचा डाव) घेऊन चालत जा. अळ्या सापडल्या तर टेमिफॉस ५० टक्के ईसी हे अळीनाशक, १० लिटर पाण्यात २.५ मिली, काठाच्या दर मीटरला २० मिली, दर आठवड्याला. कायम भरलेल्या डबक्यात गप्पी मासे सोडा. विश्वामित्रीच्या काठी मात्र डिपरसाठी पाण्यात उतरू नका, मगरी आहेत.
शहरातले रुग्ण या नकाशात मिसळू नका. तिथला स्टिफेन्साय डास गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत वाढतो, ती टाकी शिडी लावूनच बघावी लागते.